परक्या कोचला काय दिसतं आणि काय दिसत नाही

देवगडहून एका पालकांनी विचारलंय: "घरच्या मैदानावर आधी न्यूझीलंडकडून ०-३, मग दक्षिण आफ्रिकेकडून ०-२. आता तरी भारतीय संघाला परदेशी कोच आणायला नको का? आणि दुसरं, आमच्याकडे मे महिन्यात वर्गणी काढून एका परदेशी कोचचं दहा दिवसांचं शिबिर घ्यायचं चाललंय. त्यात पैसे घालावेत का?"

दोन्ही प्रश्न एकाच जातीचे आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो. मी सिंधुदुर्गात सव्वीस वर्षं पोरांना क्रिकेट शिकवतोय. मोठ्या संघाच्या ड्रेसिंगरूममध्ये मी कधी बसलेलो नाही. पण परका कोच आल्यावर काय होतं, ते माझ्याच मैदानावर बघितलंय. आधी तेच सांगतो.

दहा-बारा वर्षांपूर्वी गोव्यात सुटीला आलेला एक इंग्लिश कोच ओळखीतून चार दिवस आमच्या शिबिराला आला. आमचं मैदान कातळावरचं. मध्ये सिमेंटचा पट्टा, त्यावर काथ्याची मॅट, आणि नेट म्हणून मालवणच्या बंदरावरून आणलेली जुनी मासेमारीची जाळी. पहिल्या दिवशी त्याने जाळीला नाक लावलं आणि हसला. त्यानंतर दोन दिवस तो जवळजवळ काही बोललाच नाही. सावलीत दोन चिरे एकावर एक रचून बसायचा आणि बघायचा.

माझ्याकडे तेव्हा एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता, चौदा वर्षांचा, टेनिस बॉलवर वाढलेला. बॉल सोडण्याआधीच्या त्याच्या उडीत दोष होता आणि तो काढण्यात मी दोन सीझन घालवले होते. पाहुण्याने त्याचे चाळीसेक बॉल पाहिले आणि मला एकच विचारलं, "हा मॅचमध्ये किती ओव्हर टाकतो?" म्हटलं, तीन, फार तर चार. "का?"

या 'का'चं उत्तर मला ठाऊक होतं. कॅप्टनला स्वतःला गोलंदाजी करायची असायची. आणि बाहेरगावच्या मॅचला आम्ही ज्या गाडीतून जायचो ती कॅप्टनच्या वडिलांची होती. दोन वर्षं मी त्या पोराची उडी दुरुस्त करत होतो, कारण त्याच्या ओव्हर वाढवणं मला अडचणीचं होतं. हे मी स्वतःशीसुद्धा कबूल केलं नव्हतं. त्या गोऱ्या माणसाला ते दीड दिवसात दिसलं.

आता दुसरी बाजू. तिसऱ्या दिवशी त्याने पोरांना फलंदाजी शिकवायला घेतली. पुढचा पाय लांब टाका, बॉलच्या रेषेत जा, हात सरळ सोडा. इंग्लंडच्या गवतावर हे शंभर टक्के बरोबर. आमच्या मॅटवर मात्र बॉल गुडघ्याएवढा येईल की गळ्याशी येईल, याचा भरवसा नसतो. इथली पोरं मागच्या पायावर खेळतात ती आळस म्हणून नव्हे, तोंड वाचवायला. दुपारपर्यंत तीन जणांनी हातावर-छातीवर बॉल खाल्ले. मॅट अंथरणारे आमचे काका लांबून बघत होते. ते म्हणाले, "सर, गोऱ्याक आमची मॅट म्हायत नाय."

तर परक्याला माणसं दिसतात आणि माती दिसत नाही, हे माझं मत तिथे बनलं. अपवाद आहेत, त्यांच्याकडेही येतो. पण भारतीय संघाचा गेल्या पंचवीस वर्षांचा हिशेब मांडला तरी मला तो याच दोन रकान्यांत बसताना दिसतो.

जॉन राइट २००० साली आले, भारताचे पहिले परदेशी कोच. त्या वर्षी राहुल द्रविड इंग्लंडमध्ये केंटकडून खेळत होता आणि राइट तिथले कोच होते, त्या ओळखीतून त्यांचं नाव पुढे आलं. मॅच-फिक्सिंगच्या प्रकरणाने संघ हादरलेला, कोणाचा कोणावर विश्वास नाही. निवड समितीत पाच विभागांचे पाच जण, आणि प्रत्येकाला आपापल्या विभागाचा पोरगा दिसायचा. आपल्याकडे भावकीत जमिनीचा वाद लागला की मोजणीला बाहेरचा माणूस का बोलावतात? तो काही फार हुशार असतो म्हणून नव्हे. त्याचा सातबारा त्या गावात नसतो म्हणून. न्यूझीलंडच्या राइटना ना पश्चिम विभाग होता ना दक्षिण. कर्णधार गांगुलीला असा माणूस हवा होता आणि दोघांचं जमलं. २००१ ला कोलकात्यात फॉलोऑननंतर ऑस्ट्रेलियाला हरवलं, २००३ ला विश्वचषकाची फायनल गाठली, २००४ ला पाकिस्तानात जाऊन कसोटी मालिका जिंकली. लक्ष्मणला मनगट वापरायला राइटनी शिकवलं असं कोणी म्हणणार नाही. मनगट होतंच. ते ज्या घरात वापरायचं त्या घरातली भांडणं त्यांनी कमी केली.

मग ऑस्ट्रेलियाचे ग्रेग चॅपेल. क्रिकेटची जाण म्हणाल तर आजवरच्या कोचमध्ये बहुधा सगळ्यात खोल. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फक्त शिव्या ऐकू येतात, म्हणून हेही सांगतो की त्यांच्याच काळात भारताने एकदिवसीय सामन्यांत सलग सतरा वेळा धावांचा यशस्वी पाठलाग केला, आणि २००६ ला वेस्ट इंडीजमध्ये पस्तीस वर्षांनी कसोटी मालिका जिंकली. माणसंही त्यांना दिसत होती. कोण थकलंय, कोण जागा अडवून बसलंय, सगळं. पण दिसलेलं बोलायचं कसं, ते जमलं नाही. गांगुलीविषयी बोर्डाला पाठवलेला ईमेल २००५ मध्ये फुटला आणि ड्रेसिंगरूमची दोन घरं झाली. मोजणीदाराने जमीन मोजावी, कागद द्यावा आणि निघावं. तो चव्हाट्यावर उभा राहून "तुमचा थोरला चोर आहे" म्हणाला, तर त्याची मोजणी बरोबर असली तरी गाव ती मानत नाही. २००७ च्या विश्वचषकात बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून संघ पहिल्याच फेरीत परतला.

त्यानंतरचे महिने लोक विसरतात. बोर्डाने दक्षिण आफ्रिकेच्या ग्रॅहम फोर्डना विचारलं, त्यांनी नकार दिला. संघाला कोचच नव्हता. इंग्लंड दौऱ्यावर मॅनेजर म्हणून गेले आपले चंदू बोर्डे, सत्तरी ओलांडलेले. ती कसोटी मालिका १-० ने जिंकली, इंग्लंडमध्ये एकवीस वर्षांनी. लगेच सप्टेंबरात लालचंद राजपूत मॅनेजर असताना धोनीच्या पोरांनी टी-२० विश्वचषक आणला. म्हणजे कोच नको असा याचा अर्थ नाही. दोन वर्षं घरात दबून राहिलेली पोरं मोकळी झाली की काय करतात, तेवढंच यातून दिसतं.

दक्षिण आफ्रिकेचे गॅरी कर्स्टन २००८ मध्ये आले. चॅपेल जिथे फसले, नेमकं ते या माणसाला साधलं. बोलायचे कमी आणि नेटमध्ये थ्रोडाउन, म्हणजे फलंदाजाला सरावासाठी फेकलेले बॉल, टाकायचे ढीगभर. सचिनसारख्या खेळाडूला काय शिकवायचं, हा प्रश्नच त्यांनी ठेवला नाही; त्याला किती बॉल हवेत तेवढे टाकले. डिसेंबर २००९ मध्ये भारत कसोटीत पहिल्यांदा एक नंबरवर गेला आणि २ एप्रिल २०११ ला वानखेडेवर काय झालं ते सांगायला नको.

थ्रोडाउनवरून आठवलं. आज भारतीय फलंदाज वेगवान गोलंदाजी इतक्या आरामात खेळतात, त्याचं मोठं श्रेय विराट कोहलीने उघडपणे रघूला दिलंय. राघवेंद्र, साइडआर्मने (बॉल जोरात फेकायच्या लांब दांड्याने) थ्रोडाउन टाकणारा, कारवारच्या पुढच्या कुमट्याचा. कोकण रेल्वेने मंगळूरकडे जाताना स्टेशन लागतं. दक्षिण आफ्रिकेचा बाउन्स पेलायला दरवेळी दक्षिण आफ्रिकेचा कोच लागतोच असं नाही, एवढ्यासाठी सांगितलं.

आता डंकन फ्लेचर, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. २०११ मध्ये ते आले. इंग्लंडमध्ये ०-४, ऑस्ट्रेलियात ०-४, आणि २०१२ मध्ये घरी इंग्लंडकडून १-२. पुढे २०१३ ची चॅम्पियन्स ट्रॉफीही त्यांच्याच काळात आली, पण कसोटीचं दुखणं राहिलं. त्या २०१२ च्या मालिकेत आपण वानखेडेवर फिरकीची खेळपट्टी मागून घेतली आणि त्यांच्या पानेसर-स्वान या फिरकी जोडीने आपल्याच एकोणीस विकेट काढल्या. गंमत बघा, दोन्ही संघांचे कोच झिम्बाब्वेचे! आपल्याकडे फ्लेचर, इंग्लंडकडे अँडी फ्लॉवर. पासपोर्टावरच सगळं असतं तर सामना बरोबरीत सुटायला हवा होता. फरक असा की फ्लॉवर २००० साली इथे खेळून गेले होते. दिल्लीत नाबाद १८३, नागपुरात नाबाद २३२. आपल्या फिरकीसमोर स्वीप-रिव्हर्स स्वीप मारत उभा राहिलेला माणूस. इथल्या मातीत बॉल कसा बसतो हे त्यांच्या ढोपरांना माहीत होतं. फ्लेचर डोक्याने मोठे कोच, २००५ ला इंग्लंडला ऑस्ट्रेलियाविरुद्धची अॅशेस मालिका परत मिळवून देणारे. पण ते एकही कसोटी खेळलेले नव्हते, इथल्या मातीत तर नाहीच. पराभव एकट्या कोचमुळे होत नाही हे मला कळतं, तरी हा फरक मला कधी विसरता आला नाही.

म्हणून परदेशी की देशी हे विचारण्याआधी मी विचारतो, संघाचं दुखणं माणसांचं आहे की मातीचं?

आत्ताचं दुखणं बघू. न्यूझीलंडने २०२४ मध्ये बंगळुरूत आपल्याला ४६ धावांत गुंडाळलं, ती गोष्ट ढगाळ हवेची म्हणून सोडून देऊ. पण पुण्यात सँटनरने तेरा विकेट घेतल्या आणि वानखेडेवर एजाज पटेलने अकरा. एजाजचा जन्म मुंबईचाच, पण तो वेगळा विषय झाला. सलग अठरा मालिका घरी जिंकलेला संघ फिरकीपुढे उघडा पडला. २०२५ मध्ये दक्षिण आफ्रिकेविरुद्ध कोलकात्यात १२४ करायचे होते, ९३ वर गेलो. गुवाहाटीत ४०८ धावांनी हरलो. त्यांच्या सायमन हार्मरने दोन कसोटींत सतरा बळी घेतले, तेही साध्या ऑफस्पिनवर.

हे दुखणं मातीचं आहे. आपली पहिल्या फळीची पोरं रणजीत फारशी दिसत नाहीत. दोन महिने आयपीएल, मग एकदिवसीय, मग टी-२०. वळणाऱ्या खेळपट्टीवर चाळीस ओव्हर टिकून राहायची सवय मोडली आहे. माझ्याकडची सोळा वर्षांची पोरंसुद्धा फिरकी आली की पुढे येऊन उचलायला बघतात, कारण जाळीने बंद केलेल्या छोट्या जागेतल्या बॉक्स क्रिकेटमध्ये तेच चालतं. बॉल डोळ्याखाली येऊ देऊन खाली ठेवणं त्यांना भित्रेपणा वाटतो. ही सवय सिडनीहून आलेला माणूस बदलू शकणार नाही. ती रणजीच्या वेळापत्रकात बदलेल, आणि वयोगटांच्या संघांत, माझ्यासारख्यांच्या नेटमध्ये. बोर्डाच्या कारभारात काहीही न हलवता वर एक गोरा माणूस बसवला, तर गळक्या घराला दर्शनी भिंतीचा रंग काढल्यासारखं होईल. मृगाचा पहिला पाऊस आला की कळतंच.

शिवाय परदेशी माणसं आजही संघात आहेतच. मुख्य कोच गौतम गंभीर, पण गोलंदाजी बघतो दक्षिण आफ्रिकेचा मॉर्नी मॉर्केल आणि सहायक कोच नेदरलँड्सकडून खेळलेला रायन टेन डेस्काटे. हरलो की लोक फक्त मुख्य खुर्चीकडे बघतात. मला विचाराल तर परक्याची जागा अशीच असावी: एक ठरावीक काम द्या, ते करून घ्या.

इतर देशांचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियाने सहाच्या सहा एकदिवसीय विश्वचषक आपल्याच कोचबरोबर जिंकले. एकदा मिकी आर्थर हा दक्षिण आफ्रिकेचा माणूस आणला, तर २०१३ मध्ये भारतात 'गृहपाठ' न दिल्याबद्दल चार खेळाडूंना मोहालीच्या कसोटीतून वगळण्यापर्यंत गोष्ट गेली आणि अॅशेसच्या तोंडावर त्यालाच घरी पाठवलं. त्याच आर्थरच्या हाताखाली पाकिस्तानने २०१७ ची चॅम्पियन्स ट्रॉफी उचलली. इंग्लंडने २०१९ चा विश्वचषक ट्रेव्हर बेलिस या ऑस्ट्रेलियनबरोबर जिंकला. आणि आपल्याला विश्वचषक देऊन गेलेले कर्स्टन २०२४ मध्ये पाकिस्तानात जेमतेम सहा महिने टिकले. निवडीतला त्यांचा शब्द काढून घेतला, ते निघून गेले. म्हणजे कामाला ठेवणारं घर कसं आहे, हे येणाऱ्या पाहुण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं.

आपण नेहमी 'परदेशी कोच आणावा का' एवढंच विचारतो. आपली माणसंही बाहेर जाऊन परदेशी कोच होतात, ते आठवत नाही. २० मार्च २००३, डर्बन, विश्वचषकाची सेमीफायनल. एका बाजूला भारत, कोच न्यूझीलंडचे राइट. दुसऱ्या बाजूला केनिया, कोच आपला संदीप पाटील! आम्ही गावात एका टीव्हीभोवती चाळीसजण होतो आणि भारत जिंकावा असं वाटत असूनही केनियाची विकेट पडली की एकदोघं हळहळायचे. पाटलांनी त्या पोरांना न घाबरता मारायला शिकवलं आणि श्रीलंकेला नैरोबीत हरवलं. पण पुढे? केनियाच्या बोर्डात भांडणं, स्थानिक स्पर्धा बंद पडत गेल्या, २०१४ मध्ये एकदिवसीय दर्जाही गेला. माणसं जागी केली, माती कोणी राखली नाही.

आणि परका व्हायला पासपोर्ट लागतोच असं नाही. मुंबईचे चंद्रकांत पंडित नागपूरला गेले आणि विदर्भाने २०१७-१८ आणि २०१८-१९ अशी दोनदा रणजी जिंकली. मग मध्य प्रदेशात गेले आणि २०२२ मध्ये त्यांनाही पहिली रणजी मिळवून दिली. बंगळुरूच्या ज्या मैदानावर १९९९ मध्ये मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून ते फायनल हरले होते, त्याच मैदानावर. हा माणूस परका होता, पण इथली माती जाणणारा परका. दोन्ही रकाने भरलेले. आणि त्या फायनलमध्ये समोर होती मुंबई, कोच अमोल मुझुमदार. दोघंही रमाकांत आचरेकर सरांचे चेले, आणि सरांचा जन्म कुठला? आमच्या मालवणचा. एवढी फुशारकी कोकणी माणसाला माफ असावी.

मुझुमदार भारताकडून एकही सामना खेळला नाही. २०२३ मध्ये महिला संघाचा कोच झाला तेव्हा "ह्याला आंतरराष्ट्रीय अनुभव काय?" असं विचारणारे होते. २ नोव्हेंबर २०२५ ला नवी मुंबईत त्याच्या पोरींनी विश्वचषक जिंकला. आचरेकर सर तर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. मोठं नाव आणि मोठा कोच यांचा संबंध आपण समजतो तेवढा नसतो. परदेशी कोचची मागणी करणाऱ्यांच्या मनातही पुष्कळदा नावच असतं.

आणखी एक सांगायचं राहिलं. परक्याची नजर टिकत नाही. गणपतीला आलेला चाकरमानी पहिल्या संध्याकाळी ओटीवर बसून घरातलं जे बोलतो ते बहुतेक वेळा खरं असतं. न्हाणीघराचा दिवा गेलाय, वहिनी दमलेल्या दिसतात, आंब्याचे पैसे कोण खातंय. विसर्जनापर्यंत तोही गप्प होतो, कारण तोपर्यंत कोणी त्याला मोदक वाढलेले असतात आणि कोणाशी तो भांडलेला असतो. परदेशी कोचचं तसंच. कर्स्टन तीन वर्षांनी स्वतः निघाले ते शहाणपणाचं होतं. मुख्य कोच कधीकाळी परदेशी आणायचाच झाला, तर संघात गटबाजी माजलेली असेल तेव्हा आणावा, तीन वर्षांच्या आत सोडावा, आणि अकरा निवडताना त्याच्या शब्दाला किंमत असावी. आज ती वेळ आहे असं मला वाटत नाही. आज फिरकी खेळायला शिकवणारा एखादा माणूस हवा. तो कोलंबोचा असला तरी चालेल आणि राजकोटचा असला तरी.

आता तुमची वर्गणी. तो पाहुणा खेळपट्टी न बघता तंत्र शिकवणार असेल तर देऊ नका. दहा दिवसांत पोरं दोन्हीकडची राहणार नाहीत. पण आयोजकांना एवढं विचारा की पहिले तीन दिवस तो नुसता मॅच बघेल का, आणि मग कोण कुठल्या नंबरवर का खेळतो यावर तुमच्या कोचशी दार लावून बोलेल का. याला ते हो म्हणाले तर खुशाल द्या. तुमच्या कोचला ते बोलणं आवडणार नाही. मलाही आवडलं नव्हतं.

तुम्ही विचाराल म्हणून सांगतो, पुढच्या मॅचला मी त्या डावखुऱ्याला अकरा ओव्हर दिल्या. चार विकेट काढल्या त्याने, उडी होती तशीच. त्यानंतर गाडी आली नाही. उरलेला सीझन आम्ही एसटीने गेलो, किट टपावर टाकून, आणि कणकवलीला गाडी बदलताना एकदा स्टंपांचा एक जोड तिथेच राहिला.

वर्गणीतून पैसे उरले तर नवीन मॅट घ्या. काथ्याचीच घ्या, आणि मेअखेर गुंडाळून माळ्यावर टाका. शाळेच्या व्हरांड्यात ठेवलीत तर गणपतीपर्यंत कुजलेली असेल.